सोने-चांदीच्या नॅनोस्फटिकांचा प्रयोगसंच: रंग दाखवतो, वाढ कितपत दाखवतो?

द्रावणात धातूंचे नॅनोस्फटिक, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या अब्जांश भागात) मोजावे लागणारे स्फटिक, वाढवण्याचे तयार प्रयोगसंच आता पदवी महाविद्यालयांसाठी विकत मिळू लागले आहेत. त्यांपैकी एक कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात गेल्या शैक्षणिक वर्षात वापरला गेला. खरेदी महाविद्यालयाची असल्यामुळे उत्पादकाचे आणि विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. परंतु याच धर्तीचे संच थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखेच असल्यामुळे, पुढे लिहिलेले इतर विभागांनाही खरेदीपूर्वी उपयोगी पडेल असे वाटते. पेटीत क्लोरोऑरिक आम्ल या सोन्याच्या क्षाराच्या बंद कुप्या, सिल्व्हर नायट्रेट, ट्रायसोडिअम सायट्रेट, सोडिअम बोरोहायड्राइड, ॲस्कॉर्बिक आम्ल, पीव्हीपी हे बहुवारिक, सीटॅब हा पृष्ठसक्रिय पदार्थ, हायड्रोजन पेरॉक्साइड, बोरोसिलिकेट काचेचे चंबू, चुंबकीय ढवळणीसाठी टेफ्लॉनच्या कांड्या, एक लाल लेसर पॉइंटर, रंग जुळवण्याचे कार्ड आणि प्रयोगपुस्तिका असा ऐवज आहे. ढवळणी व तापक आपले असावे लागतात.

अशा संचाची परीक्षा कशावर करायची, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. सोन्याचे लाल द्रावण तयार होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मायकेल फॅरेडे याने सोन्याच्या क्षाराचे फॉस्फरसने क्षपण करून, म्हणजे त्यातले सोने धातुरूपात आणून, माणकाच्या रंगाचे द्रव तयार केले आणि १८५७ मध्ये त्यावर व्याख्यान दिले; त्याचे काही नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेले आहेत. रंग येणे हा प्रयोगाचा शेवट मानला तर हा संच उत्तम आहे आणि परीक्षण येथेच संपवता येईल. परंतु नॅनोस्फटिकांचे रसायनशास्त्र शिकवायचे म्हणजे दोन घटना वेगळ्या करून दाखवायच्या असतात: एक, अतिसंपृक्त द्रावणात अणू एकत्र येऊन केंद्रके जन्माला येणे, आणि दुसरी, त्या केंद्रकांवर आणखी अणू बसत जाऊन स्फटिक वाढणे. ला मेर आणि डिनेगर यांनी १९५० मध्ये गंधकाच्या कलिलांच्या (द्रवात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या) अभ्यासातून हे मांडले की केंद्रके थोड्या वेळात एकदम जन्मली आणि नंतर नवी जन्मायची थांबली, तरच सर्व कण जवळजवळ एका मापाचे होतात. जन्म आणि वाढ एकाच वेळी चालत राहिल्या तर लहानमोठ्या कणांची खिचडी होते. विद्यार्थ्याला हा फरक आपल्या हातांनी घडवून पाहता येतो का, हीच माझ्या दृष्टीने संचाची खरी कसोटी आहे.

प्रथम मालाच्या दर्जाविषयी. क्लोरोऑरिक आम्ल एकेक ग्रॅमच्या बंद काचकुप्यांत दिले आहे, ही उत्पादकाची सर्वांत समंजस निवड होय. हा क्षार हवेतील ओलावा इतक्या वेगाने शोषतो की कोल्हापूरच्या पावसाळ्यात तराजूवर ठेवल्या ठेवल्या तो ओलसर होऊ लागतो आणि वजनाला काही अर्थ उरत नाही. शिवाय धातूच्या चमच्याशी त्याची अभिक्रिया होते. कुपी फोडून ती सगळीच्या सगळी पाण्यात धुऊन घेतली की वजन करण्याचा प्रश्नच राहत नाही. असे असताना पेटीत स्टीलचा चमचा कशासाठी घातला आहे, हे मात्र कळत नाही. बोरोहायड्राइडची बाटली लहान आणि घट्ट बंद होती व तिच्यातील पावडर मोकळी निघाली. सिल्व्हर नायट्रेट गडद तपकिरी बाटलीत होते, जसे असायला हवे.

पाणी मात्र संचात नाही, आणि या प्रयोगांत पाण्याइतके महत्त्वाचे दुसरे रसायन नाही. पुस्तिकेत ‘ऊर्ध्वपातित पाणी वापरावे’ एवढेच लिहिले आहे. गॅरेजला मिळणारे बॅटरीचे पाणी आणि प्रयोगशाळेतील जुन्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पाणी दोन्ही या व्याख्येत बसतात. परंतु त्यांत क्लोराइड किती आहे यावर चांदीच्या प्रयोगाचे भवितव्य ठरते. त्यावरचा उपाय पेटीतच आहे, तो पुस्तिकेने सांगायला हवा होता: परीक्षानळीत थोडे पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. किंचितही दुधी झाक आली तर ते पाणी या कामाचे नाही. नळाच्या पाण्यावर हीच चाचणी शेजारी करून दाखवली की पाण्याच्या शुद्धतेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

पहिला प्रयोग टर्केविच पद्धतीचा आहे. जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही कृती जगभरच्या प्रयोगशाळांत आजही पहिला धडा म्हणून केली जाते. एक मिलीमोलर संहतीचे वीस मिलिलिटर सोन्याचे द्रावण उकळत ठेवायचे, जोरात ढवळत असताना त्यात एक टक्का सायट्रेटचे दोन मिलिलिटर द्रावण एकदम घालायचे आणि पाहत राहायचे. फिकट पिवळा रंग जातो, द्रावण क्षणभर रंगहीन दिसते, मग त्यात काळसर निळी छटा येते, ती जांभळी होते आणि दहा-एक मिनिटांत द्रावण गडद लाल होते. या चंबूत सोने असते जेमतेम चार मिलिग्रॅम, म्हणजे गुजरी या कोल्हापूरच्या सराफपेठेतल्या सराफाच्या हिशेबाने गुंजेचा तिसावा भाग. पण त्याचे साधारण तेरा नॅनोमीटर व्यासाचे कण झाले की प्रत्येक कणात सत्तर हजारांच्या आसपास अणू असतात आणि एवढ्याशा सोन्याने सगळा चंबू रंगतो.

कृती निर्दोष चालते. पुस्तिकेत ‘तापमान १०० अंश राखावे’ असे लिहिले आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या कोल्हापुरात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे ही सूचना अक्षरशः पाळता येत नाही आणि पाळण्याची गरजही नाही. खळखळती उकळी आणि वाफेने कमी झालेल्या पाण्याची भरपाई एवढे पुरते. प्रयोगाच्या शेवटी मीठ व साखर यांच्या पुड्या वापरून केलेली तुलना फार सुरेख आहे. मिठाच्या द्रावणाने लाल रंग लगेच निळसर होतो, कारण कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या सायट्रेटच्या ऋण प्रभारावर मिठातील आयन पडदा टाकतात आणि कण एकत्र येतात. साखरेला प्रभार नसल्यामुळे ती काहीच करत नाही. हे समजावणारा परिच्छेद पुस्तिकेतील सर्वोत्तम परिच्छेद आहे.

परंतु माझी पहिली मोठी तक्रारही याच प्रयोगाबद्दल आहे. तो परिच्छेद सोडला तर पुस्तिका सायट्रेटला केवळ क्षपणक म्हणते. सायट्रेट सोन्याचे क्षपण करते, तयार झालेल्या कणांना वेढून स्थिर ठेवते आणि द्रावणाची आम्लताही बदलते; ही तीन कामे एकच पदार्थ करतो म्हणून तर त्याचे प्रमाण बदलले की कणांचे माप बदलते. फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये नेमके हेच दाखवले होते: सोन्याच्या तुलनेत सायट्रेट कमी केले की कण मोठे होत जातात, पार सुमारे दीडशे नॅनोमीटरपर्यंत. संचात सायट्रेट मुबलक आहे, चंबू आहेत, सोनेही पुरेसे आहे. तरीही वेगवेगळ्या प्रमाणांचे तीन-चार चंबू शेजारी शेजारी करून पाहण्याचा प्रयोग पुस्तिकेत नाही. आम्ही तो आमच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतला आणि एरवी रंग पाहून वही बंद करणारी मुले त्या दिवशी प्रश्न विचारू लागली. उकळत्या सायट्रेटमध्ये सोन्याचे द्रावण ओतले, म्हणजे क्रम उलटा केला, तर कण लहान व अधिक एकसारखे मिळतात, हाही त्याच तासात बसणारा पूरक प्रयोग आहे. मधली काळसर छटा नेमकी कशामुळे येते आणि या पद्धतीत जन्म व वाढ कितपत वेगळ्या असतात, यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झालेली आहे. पुस्तिकेने त्याचा उल्लेखही न करता सर्व काही ठरल्यासारखे लिहावे, हे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी योग्य नाही.

दुसरा प्रयोग चांदीच्या त्रिकोणी पत्र्यांचा. सिल्व्हर नायट्रेट, सायट्रेट, पीव्हीपी आणि पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात ताजे बोरोहायड्राइड घातले की फिकट पिवळे द्रावण काही वेळाने लालसर, जांभळे आणि अखेरीस निळे होते. हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या घरांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी चांदी पांढरी आणि काळी पडलेली अशी दोन रूपांतच पाहिलेली होती. त्यांना हा प्रयोग सर्वांत आवडला. देखणेपणात त्याला तोड नाही, पण भरवशाचा तो नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडची ताकद उन्हाळ्यात बाटलीतल्या बाटलीत घटते, बोरोहायड्राइड पाण्यात विरघळल्या क्षणापासून हायड्रोजन सोडत संपू लागते, आणि दोहोंचे प्रमाण थोडे जरी हलले तरी निळ्याऐवजी पिवळ्यावरच गाडी थांबते. बर्फाच्या पाण्यात बोरोहायड्राइड विरघळवून लगेच वापरावे, ही सूचना पुस्तिकेत बारीक अक्षरांत आहे. ती ठळक हवी होती.

तिसरा प्रयोग सोन्याच्या नॅनोदंडांचा आहे, आणि संचाची किंमत वसूल होते ती येथे. आधी तयार केलेल्या बीजांवर स्फटिक वाढवण्याची कल्पना जुनी आहे. रिचर्ड झिग्मोंडी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सोन्याचे कण अशा रीतीने वाढवले होते. कलिलांवरील कामासाठी त्यांना १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दंडाच्या आकाराचे कण सीटॅबच्या द्रावणात बीजांवर वाढवण्याची पद्धत निखिल जना, लता गिअरहार्ट आणि कॅथरीन मर्फी यांनी २००१ मध्ये दिली, आणि निकूबख्त व अल-सय्यद यांनी २००३ मध्ये चांदीच्या क्षाराचा वापर करून ती सुधारली. संचातील कृती या दुसऱ्या रूपाला धरून आहे.

येथे जन्म आणि वाढ अक्षरशः दोन वेगळ्या चंबूंत होतात. पहिल्या चंबूत सीटॅबमधील सोन्याच्या क्षारात बर्फगार बोरोहायड्राइड घालताच तपकिरी रंगाची, काही नॅनोमीटर मापाची बीजे तयार होतात. दुसऱ्या चंबूत सोने, चांदीचा अल्पसा क्षार आणि भरपूर सीटॅब असते. त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल घातले की पिवळसर नारिंगी द्रावण रंगहीन होते, कारण सोने तीन संयुजेवरून एकवर येते. पण धातूपर्यंत ते येत नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल हे सौम्य क्षपणक आहे; सोन्याचा तयार पृष्ठभाग मिळाल्याशिवाय ते उरलेले काम करत नाही. मग त्यात बीजांचे काही मायक्रोलिटर टाकले की दहा-वीस मिनिटांत रंग उमटू लागतो आणि तास-दोन तासांत स्थिरावतो. बीज न टाकलेला एक चंबू शेजारी ठेवला तर तो बराच वेळ रंगहीन राहतो. केंद्रके न जन्मता फक्त वाढ घडवणे म्हणजे काय, हे त्या दोन चंबूंकडे पाहून जितके समजते तितके कोणत्याही आलेखाने समजत नाही. आणि नेमका हा बीजाविना ठेवायचा चंबू पुस्तिकेत नाही! ज्या एका तुलनेमुळे हा प्रयोग शिकवण्यालायक होतो, तीच वगळण्यामागचे कारण मला समजलेले नाही.

बीजांचे प्रमाण बदलण्याचा खेळही विद्यार्थ्यांना द्यावा. सोने तेवढेच ठेवून बीजे वाढवली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी सोने येते आणि कण लहान राहतात. गोल कणांच्या बाबतीत हिशेब सरळ आहे: तेवढ्याच बीजांवर कणाचे वस्तुमान आठपट होईल इतके सोने बसवले तरी व्यास फक्त दुप्पट होतो. दंडांच्या बाबतीत एवढे सरळ नाही, कारण सीटॅबचा थर, सीटॅबमधलेच ब्रोमाइड आणि चांदी मिळून स्फटिकाच्या काही पैलूंवर अणू बसणे मंदावतात आणि वाढ एका दिशेला झुकते. चांदी नेमकी कशी काम करते याची एकाहून अधिक स्पष्टीकरणे मांडली गेली आहेत. चांदीच्या क्षाराचे प्रमाण बदलून दंडांची लांबी-रुंदी बदलते, एवढे मात्र आमच्या साध्या वर्णपटमापकावरही (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते ते मोजणाऱ्या उपकरणावरही) स्पष्ट दिसले: गोल कणांचा एकच शोषणपट्टा ५२० नॅनोमीटरच्या आसपास असतो, तर दंडांचा दुसरा पट्टा त्याच्या पुढे, तांबड्या आणि अवरक्त भागाकडे सरकत जातो.

या प्रयोगातील मुख्य अडचण तापमानाची आहे, आणि ती कोल्हापूरच्या हिवाळ्यात हमखास येते. या संहतीचे सीटॅब साधारण २५ अंशांच्या खाली द्रावणातून स्फटिकरूपाने बाहेर पडू लागते. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या तासाला प्रयोगशाळेत पारा त्याच्या बराच खाली असतो, आणि पुस्तिका मात्र ‘कक्ष तापमानाला ठेवावे’ असे सांगते. अशा वेळी चंबूत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात व विद्यार्थी रसायन बिघडले म्हणून ते ओतून देतात. वास्तविक द्रावण २८ ते ३० अंशांच्या पाण्यात ठेवले की पुंजके विरघळतात आणि पुढे वाढीचा सगळा काळ त्याच तापमानाला ठेवल्यास अडचण येत नाही. एवढ्या किमतीच्या पेटीत एक साधा तापमापक आणि ही दोन वाक्ये असायला हरकत नव्हती.

सीटॅबच्या शुद्धतेचा मुद्दा त्याहून सूक्ष्म आहे. स्मिथ आणि कॉर्गेल यांनी २००८ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या पुरवठादारांचे सीटॅब वापरल्यास एकाच कृतीने कधी दंड मिळतात, कधी केवळ गोल कण. पुढील तपासात त्याचे कारण अत्यल्प आयोडाइडची भेसळ हे निघाले, कारण आयोडाइड सोन्याच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून दंडाची वाढ रोखते. संचातील सीटॅबने आम्हाला प्रत्येक तुकडीत दंड दिले, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. दुसऱ्या एका पुरवठादाराकडून आणलेल्या सुट्या सीटॅबने तीच कृती केली तेव्हा लालसर द्रावण आणि एकच शोषणपट्टा एवढेच हाती आले. मात्र संचाच्या बाटलीवरही आयोडाइडच्या प्रमाणाविषयी काही छापलेले नाही, त्यामुळे पुढच्या खेपेचे सीटॅब तसेच असेल याची हमी खरेदीदाराला मिळत नाही.

कणांमुळे द्रावणात दिसणारा प्रकाशाचा मार्ग दाखवण्यापुरता लेसर पॉइंटर ठीक आहे. रंगाचे कार्ड निरुपयोगी आहे. छापील लाल चौकोनाशी चंबू जुळवून कणांचे माप सांगणे म्हणजे शास्त्राची थट्टा होय. विभागात वर्णपटमापक नसेल तर हा संच घेऊ नये, असे मी म्हणेन. ज्यांना कणांची प्रत्यक्ष चित्रे हवी असतील त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीची सोय असलेल्या ठिकाणी नमुने पाठवावे लागतील. शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचे स्वतंत्र अध्ययन चालते, त्यामुळे कोल्हापुरातील महाविद्यालयांना किमान सल्ल्यासाठी तरी लांब जावे लागत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत पुस्तिका मला सर्वांत कमी पडलेली वाटली. आधीच्या प्रयोगातील सोन्याचा अदृश्य थर काचेवर राहिला तर तोच नव्या द्रावणात केंद्रकाचे काम करतो, म्हणून चंबू अम्लराजाने धुवावेत असे ती सांगते. हे खरे आहे. पण तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल व एक भाग नायट्रिक आम्ल यांचे ते मिश्रण धूरकोठीतच (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कप्प्यातच), लागेल तेवढेच करायचे असते आणि बंद बाटलीत कधीही साठवायचे नसते, यातले एक अक्षरही तेथे नाही. ज्या महाविद्यालयात धूरकोठी नाही तेथे प्रत्येक प्रयोगासाठी वेगळे, नवे चंबू राखून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

किंमत पाच आकडी आहे, आणि विभागप्रमुखांचा पहिला आक्षेप त्यावरच असतो. तिचा मोठा भाग सोन्याचा आहे हे लक्षात घ्यावे: एक ग्रॅम क्षारात जवळजवळ निम्मे वजन सोन्याचे असते. त्या एका ग्रॅमपासून एक मिलीमोलर द्रावण अडीच लिटर होते, म्हणजे वीस मिलिलिटरचे सुमारे सव्वाशे प्रयोग. काटकसरीने वापरल्यास प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा चंबू देता येतो, आणि तसे केल्यावर किंमत अवाजवी वाटत नाही. पहिला आणि तिसरा प्रयोग चार तुकड्यांना मिळून करवणाऱ्या विभागाने हा संच जरूर घ्यावा. केवळ विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात रंगीत बाटल्या मांडायच्या असतील तर एवढ्या पेटीची गरज नाही. सायट्रेट आणि सोन्याची एक कुपी सुटी आणली तरी काम भागते.

वापरलेली द्रावणे मोरीत ओतू नयेत. सीटॅब जलचरांना घातक आहे, आणि सोने तर कोणीच ओतून देत नाही. गुजरीत सराफांच्या दारातली धूळ चाळून सोने काढणारे झारेकरी या शहराने पाहिलेले आहेत. सायट्रेटच्या सोन्याच्या द्रावणांत मीठ घालून ती बाटलीत साठवली की काही दिवसांत कण तळाला बसतात. चांदीची द्रावणे वेगळी ठेवावीत आणि त्यांत अमोनिया कधीही मिसळू नये, कारण अशा मिश्रणातून कालांतराने स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतात.

विक्रेत्याची सेवा चांगली होती. फुटलेली एक कुपी तक्रार करताच बदलून मिळाली. सुटी रसायने त्याच्याकडून पुन्हा मागवता येतात, परंतु मागणी नोंदवताना सीटॅबच्या आधीच्या बाटलीवरचा उत्पादन-गट क्रमांक कळवून तोच गट मागावा, आणि बोरोहायड्राइड जून ते सप्टेंबर या महिन्यांत न मागवता पावसाळा सरल्यावर, लागेल तेवढ्याच लहान बाटलीत घ्यावे.